नकाशात नसलेला चढ

आमच्या शुगर लँडमधला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे फ्रीवेचा फ्लायओव्हर.

टेक्सासच्या या कोपऱ्यात जमीन इतकी सपाट आहे, की सांडलेलं दूधसुद्धा कुठल्या दिशेला जावं याचा विचार करत जागेवरच थांबतं. इथे बरीच वर्षं काढली, की माणसाच्या डोक्यातूनही चढ-उतार निघून जातात. (मी पाइपलाइन इंजिनियर आहे. चढ-उतार मोजण्याचाच मला पगार मिळतो. पण ते ऑफिसात!)

आई आमच्याकडे राहून साताऱ्याला परत निघाली होती. जाताना तिला लिस्बन दाखवायचं आणि तिथूनच मुंबईच्या विमानात बसवायचं, असं आम्ही ठरवलं. तिने युरोप कधी पाहिला नव्हता, आणि एवढा प्रवास तिला पुन्हा झेपेल की नाही, कुणास ठाऊक. त्यामुळे एकुलती एक ट्रिप, ती झक्कास व्हायलाच हवी होती! हॉटेल निवडायचं काम मी अंगावर घेतलं. निकष एकच: आईचे गुडघे.

शनिवारी सकाळी पोह्यांबरोबर चर्चेला तोंड फुटलं.

"बैशामध्ये घेऊ या ना," माझी बायको मृणाल म्हणाली. "शहराच्या मधोमध आहे. सगळे तिथेच राहतात."

"म्हणूनच नको! आपण काय टूरिस्ट आहोत?"

"मग कोण आहोत?"

मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "हे बघ, अल्फामा! शहरातली सगळ्यात जुनी वस्ती. बोळ, गॅलऱ्या, समोर नदी. आणि नकाशात रस्त्यापासून हॉटेल किती लांब? नखाएवढं!"

माझी लेक ईशा स्क्रीनकडे निरखून बघत होती. "डॅड, देअर आर अ लॉट ऑफ स्टेअर्स इन धिस फोटो."

"फोटो चांगला यावा म्हणून मुद्दाम पायऱ्यांवर जाऊन काढतात, बाळा."

"अरे, मला कुठेही चालेल," आई म्हणाली. "मी काय, पथारी पसरली की झोपते."

"आई, तू यात पडू नकोस. तुझ्या गुडघ्यांचं मी बघतो."

आणि मी बुकिंग करून टाकलं. (बैशा या शब्दाचा अर्थच मुळी 'खालचा'. म्हणजे तिथे राहायचं ते सपाटीवर! एवढी एक गोष्ट मी शोधली नव्हती.)

लिस्बनला उतरलो. टॅक्सी नदीकाठाने धावली, दगडी रस्त्यांवर खडखडली आणि एका चिंचोळ्या बोळाच्या तोंडाशी थांबली. पुढे गाडी जात नव्हती. ड्रायव्हरने सामान काढलं आणि बोट वर, थेट आकाशाकडे केलं. मला वाटलं, देवाचं नाव घेतोय.

"होटेल," तो म्हणाला.

मी मान मागे टाकली. आणखी मागे टाकली. पायऱ्या वर जात होत्या, वळत होत्या, वाळत घातलेल्या चादरींमागे गायब होत होत्या आणि पुन्हा छपरांच्याही वर उगवत होत्या! नकाशात ते हॉटेल नखाएवढ्या अंतरावर होतं हे खरंच होतं. फक्त ते नख उभं होतं.

"वॉव," ईशा म्हणाली. मृणालने माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की त्या बघण्याचं शब्दशः भाषांतर मला येतं.

सामानात आईच्या दोन अजस्र बॅगा होत्या. चादरी, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि साताऱ्यातल्या यच्चयावत नातवंडांना पुरतील एवढी चॉकलेटं. "आई, तू इथेच बस," मी घाबरून म्हणालो. "मी काहीतरी व्यवस्था करतो."

"कसली व्यवस्था? चल," आई म्हणाली. तिने पदर खोचला, पर्स काखेत मारली आणि निघाली. साताऱ्यात रोज सकाळी अजिंक्यताऱ्याचा अर्धा चढ चढून येणारी बाई ती! गुडघे दुखतात म्हणते ते आमच्या सोफ्यावरून उठताना. हे मला तिच्या पाठीकडे बघताना, पहिल्या वळणाच्या आतच, लक्षात आलं.

दुसऱ्या वळणावर मी बॅगेवर बसलो. खरं म्हणजे बॅग थांबली आणि मी तिच्यावर कोसळलो. तिथे दारात एक म्हातारी बटाटे सोलत बसली होती. माझा लालभडक चेहरा बघून ती ओरडत उठली आणि मला आपली खुर्ची दिली. एवढ्यात वर गेलेली आई खाली परत आली. (परत! खाली! म्हणजे आता पुन्हा वर!)

म्हातारीला धन्यवाद कसे द्यावेत हे आईला कळेना. तिने टोपलीकडे बोट दाखवलं आणि हसून म्हणाली, "बटाटा."

म्हातारी थबकली. "बताता!"

"अगं बाई!" आईने माझा दंड धरला. "अरे, ही मराठी बोलते!"

म्हातारी आत धावली आणि एक अननस घेऊन आली. "अनानाश!"

"अननस!" आई किंचाळली. मग पाव आला, काजू आले, दाराची चावी आली. उच्चार जरा हलले, पण शब्द ओळखीचे! आमच्या स्वयंपाकघरातले शब्द शेकडो वर्षांपूर्वी कधीतरी याच नदीवरून पोर्तुगीजांच्या जहाजात बसून आले होते आणि आता दोन बायका ते एकमेकींना परत देत होत्या. दोघींचे डोळे भरले होते. मी म्हातारीने कापून दिलेली अननसाची फोड हातात धरून, तोंड उघडं टाकून बघत राहिलो. मृणालचाही राग कुठल्या कुठे गेला होता.

शेवटी मृणाल, ईशा आणि ती म्हातारी अशा तिघींनी मिळून बॅगा नेल्या. मागून आई मला ढकलत होती.

हॉटेलच्या गच्चीवर पोचलो आणि सगळेच जागच्या जागी थांबलो. खाली लाल कौलांचा समुद्र उतरत गेला होता, त्याच्या टोकाला समुद्रासारखीच रुंद नदी, तिच्यावर उन्हाचा पत्रा. कुठेतरी चर्चची घंटा वाजत होती. आईने नकळत हात जोडले.

"एवढं मोठं असतं होय रे जग," ती हळूच म्हणाली. "बरं झालं, तू हे हॉटेल निवडलंस."

मृणाल माझ्याजवळ सरकली. "मानलं तुला! आणि पहिल्यांदाच काहीतरी बघून तू भाषण न ठोकता गप्प उभा आहेस. इतका भारावलास?"

मी नुसती मान हलवली. भारावलो होतो, यात शंकाच नाही. पण भाषणही तयार होतं. ते बाहेर ढकलायला लागणारी हवा तेवढी अजून दुसऱ्या वळणावर होती!