सहावीच्या वर्गातला ‘थड’

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी आजही उठून चहा ठेवायला जातो. मूळचा मी साताऱ्याकडचा, पेशाने मास्तर. कोकणात बदली झाल्यापासून ‘चकवा लागला’ ऐकून ऐकून कान किटले होते. त्यामुळे हे लिहितोय ते नाइलाजाने...

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. पावसजवळच्या एका शाळेत मी सहावीला इंग्रजी शिकवायचो. दुपारी बाराच्या सुमारास धड्यात ‘थड’ शब्द आला. दार आपटलं की ‘बँग’, बटण दाबलं की ‘क्लिक’, आणि जड वस्तू मातीवर पडली की ‘थड’. पोरं नारळाच्या बागांतली. म्हटलं, ऐकवूनच शिकवू. सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि नारळ घेऊन व्हरांड्यात गेलो. खाली मातीत टाकणार, एवढ्यात आतून अख्खा वर्ग ओरडला — “थड!”

नारळ माझ्या हातातच होता. मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं.

चावटपणा समजून मी तणतणत आत गेलो. सुनंदा उभी होती. तिचा बाप पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. ओला नारळ, सुका नारळ, झावळ... काय पडलं ते ही पोर नुसत्या आवाजावरून सांगायची.

“सर, ह्यो नारळ न्हाय,” ती म्हणाली. “मानूस पडला. मी घरी जाव काय?”

“नारळ हा बघ माझ्या हातात. तास संपू दे, मग बघू. बस खाली.”

ती बसली. तास संपला आणि मी विसरून गेलो.

दोन वाजता सायकलवरून निरोप आला. अडीच मैलांवरच्या बागेत तिचा बाप बाराच्या सुमारास माडावरून पडला होता. सगळे आधी डॉक्टरसाठी धावले. तो तासभर शुद्धीत होता आणि “सुनीला बोलवा” एवढंच म्हणत होता. मग गेला.

तेरावं झाल्यावर सुनंदा शाळेत आली. वर्गासमोर माझी हिंमत झाली नाही; व्हरांड्यात एकटीला गाठून म्हटलं, “चुकलो गं मी.”

“तुमी काय करनार, सर?” ती म्हणाली. “तुमाला कुठं आयकाय आलं?”

अडीच मैलांवरचा आवाज तीस पोरांनी कसा ऐकला, आणि मीच एकटा कसा बहिरा राहिलो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण तिने घरी जायला विचारलं होतं, ते मला अगदी नीट ऐकू आलं होतं.