जिल्ह्यातला सर्वांत निर्दोष रस्ता

पंचायतीच्या रस्त्यांवर मुकादमबाईंनी एकतीस वर्षं काढली. पहिली नऊ डोक्यावर टोपली घेऊन, बाकीची हातात वही घेऊन. त्यांच्या ताब्यात एकूण नऊ रस्ते होते. त्यांतले आठ जमिनीवर होते.

सात नंबरचा रस्ता, लांबी एक किलोमीटर चारशे मीटर, चौदा वर्षांपूर्वी समुद्राने घेतला. एका फटक्यात नाही. आधी कडेची माती, मग अर्धी रुंदी, मग सगळाच. एखादा लांबचा नातेवाईक दोन दिवसांसाठी येतो आणि हळूहळू घर बळकावतो, तसा. रस्ता गेला आणि कड्यावरच्या वस्तीची चाळीस घरं गावापासून तुटली. तिथून खाली यायला उरली एक पायवाट. आजारी माणूस खुर्चीत बसवून उतरवायचा. बाईंच्या सासूबाई पायाची जखम धुवायला महिन्यातून दोनदा अशा उतरत. खुर्ची पुढून दीर धरी, मागून नवरा. सासूबाई वरून सूचना देत.

"अगं, तू रस्त्यांचीच मुकादम ना?" त्या दर खेपेला सुनेला विचारत. "मग मी बोचक्यासारखी का उतरते?"

"अर्ज दिलाय, आई."

"अर्जावर बसून जाऊ म्हणतेस?"

अर्ज खरंच दिला होता, आणि तोही पाच वेळा. कड्याच्या मागच्या अंगाने नवा रस्ता द्या, एवढंच मागणं. पाचही वेळा जिल्हा कचेरीचं उत्तर अक्षर न बदलता आलं: सदर वस्तीस रस्ता क्रमांक सात उपलब्ध असून तो उत्कृष्ट स्थितीत आहे.

हे उत्कृष्टपण आलं कुठून, याचा छडा पंचायतीच्या कारकुनाने लावला, आणि लावल्यावर गप्प बसावं की काय, असं त्याला वाटलं. दरवर्षी प्रत्येक रस्त्याचा तक्ता बाईंनाच भरावा लागे. बाई कधी खोटं लिहीत नसत, आणि अडचण तीच होती. सात नंबरच्या तक्त्यात त्यांनी चौदा वर्षं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: खड्डे, दिसत नाहीत. अपघात, एकही नाही. धूळ, अजिबात नाही. वापरणाऱ्यांची तक्रार, नाही. रस्ता आहे की नाही, असा रकाना तक्त्यात नव्हता. छापणाऱ्याला तशी शंका आली नसावी. जिल्ह्यात बेरजा झाल्या आणि रस्ता क्रमांक सात देखभालीत सलग तीन वर्षं पहिला आला.

"म्हणजे आईंची वाट मीच अडवली," बाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही हो बाई, तुमच्या अक्षराने," कारकून म्हणाला. "इतकं सुवाच्य लिहायचं कशाला?"

बाईंच्या नोकरीचे सात महिने उरले होते. आपण निवृत्त व्हायचं आणि म्हातारीने खुर्चीतूनच उतरत राहायचं, तेही आपल्याच हातच्या कागदामुळे, हे त्यांना मानवेना.

रस्ता नोंदीतून काढायला नियम होता. अभियंत्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चालावं, दांड्याला लावलेलं मोजणीचं चाक फिरवावं आणि शेवटच्या दगडापाशी सही करावी. आधीच्या अभियंता साहेबांनी ही पाहणी होडीतून केली होती. कचेरीने कागद परत पाठवला: 'पायी' या अटीची पूर्तता नाही.

बाईंनी भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं. वर्षातल्या सर्वांत मोठ्या ओहोटीला रस्त्याची पाठ दीड तास उघडी पडे. त्यांनी नव्या साहेबांना त्या दिवसाची सकाळी नऊची वेळ कळवली. साहेब पावणेअकराला उगवले.

"टायर फुटला," ते म्हणाले.

"कुठे?"

साहेबांनी रस्ता सांगितला. जिल्ह्यात दुसरा आला होता तो.

पाणी परतायला लागलं होतं. पुढची अशी ओहोटी वर्षाने. बाईंनी पदर खोचला, चाक साहेबांच्या हाती दिलं आणि त्या पुढे झाल्या. दीर होडी घेऊन बाजूने चालला होता.

तीनशे मीटरवर पाणी घोट्याशी आलं, नऊशेवर गुडघ्याच्या वर. साहेब थांबले.

"कळलं मला. रस्ता बुडालाय. आणा कागद."

"इथे नाही साहेब, शेवटच्या दगडापाशी."

"तेवढा मी डोळ्यांनी बघतो ना."

"आधीच्या साहेबांनीही डोळ्यांनीच बघितलं होतं."

साहेबांनी होडीकडे आशेने पाहिलं. दिराने नजर दुसरीकडे वळवली.

"होडीत बसलात की 'पायी'ची अट मोडली," बाई म्हणाल्या. "पोहता येतं का?"

"नाही."

"मग जरा पाय उचला."

साहेबांनी पाय उचलले. शेवटच्या दगडाचं फक्त डोकं वर होतं आणि पाणी साहेबांच्या कमरेच्या वर. होडीच्या काठावर कागद ठेवला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. बाईंनी नियम मनात पुन्हा वाचून पाहिला आणि परवानगी दिली. साहेबांनी सही केली, तारीख घातली आणि खाली आपणहून लिहिलं: रस्ता नाही. समुद्र आहे. मी त्यात उभा आहे.

मग दिराने त्यांना काखेत हात घालून होडीत ओढलं. वर कड्यावर अख्खी वस्ती जमली होती. साहेबांसाठी कुणी टाळ्या वाजवल्या असतील, तर आयुष्यात त्याच.

फाइल साहेबांनी स्वतः टेबलाटेबलावर फिरवली. कमरेइतक्या पाण्यात सही करून आलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणायची कुणाची छाती झाली नाही. दोन महिन्यांत सात नंबर कागदावरही बुडाला. तिसऱ्या महिन्यात मंजुरी आली, आणि बाईंच्या नोकरीचे अकरा दिवस शिल्लक असताना मागच्या अंगाने डांबर कड्यावर पोचलं.

पहिली गाडी वर चढली ती पंचायतीचा खडीचा ट्रक. सासूबाईंना दिराने पुढच्या सीटवर बसवलं. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या.

"आजी, दवाखान्यात ना?" चालकाने विचारलं.

"दवाखान्याला अजून आठवडा आहे. खाली जा आणि परत वर ये."

"काही काम?"

"काम कसलं?" सासूबाई म्हणाल्या. "चौदा वर्षांत मी एकदा तरी बिनकामाची खाली गेलेय का? चल. आणि हिलाही घे, मुकादम आहे ती."

बाई पायरीवर चढल्या. वळणाला ट्रक हळू झाला, तेव्हा मागच्या हौद्यात शेजारच्या सहा जणी आधीच चढून बसलेल्या त्यांना दिसल्या. कुणालाही कुठेही जायचं नव्हतं.