सभागृहात घेतलेलं नाव

बाळू गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथं सिंगापुरात तोआ पायोहच्या बाजारातून आणलेले बांगडे साफ करत होते. हात धुतले, ऐकून घेतलं आणि परत बांगड्यांना लागले. रडू आलं नाही. राग होता तो तसाच राहिला... दीड महिना झाला, अजून आहे.

बाळू माझा धाकटा भाऊ. इंग्लंडात तो लॉर्ड होता, तिथल्या वरच्या सभागृहात बसायचा. मी चौथीपर्यंत शिकलेली, माझ्यापुढं तो बाळूच. आमचे हे जहाजावर फिटर. जुनं, गंजलेलं जहाज बुडालं आणि हे इंजिनरूममधून वर आलेच नाहीत. बाळू तेव्हा कामगारांची बाजू घेणाऱ्या पक्षात होता. जुन्या जहाजांची तपासणी कडक करा, म्हणून तो सभागृहात बोलला आणि भाषणात यांचं नाव घेतलं, आडनावासकट. मी संसारात ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, आमच्यात बायका घेत नसत. त्यानं परक्या मुलखात भर सभेत घेतलं. मला बरं वाटलं होतं, ते कशाला लपवू...

इथल्या रॅफल्स प्लेसला, बँका-कचेऱ्यांच्या भागात, त्याचं काही काम निघालं की जेवायला आमच्याकडं, यांच्या खुर्चीवर. "लॉर्डसाहेब, ताट स्वतः उचला," मी म्हणायची. "आक्का, तुझ्या सभागृहात विरोधी पक्षच नाही," म्हणत उचलायचा.

मग त्यानं पक्ष बदलला. जहाजमालकांची ऊठबस असते त्या पक्षात गेला, समोरच्या बाकांवर. तेही मी सोडून दिलं असतं. पण तपासणीचा तोच कायदा मतदानाला आला आणि बाळूनं विरोधात मत दिलं.

पुढच्या खेपेला मी विचारलं, "हात कसा वर झाला तुझा?"

"तिथं हात वर करत नाहीत, आक्का. उठून एका दालनात जायचं असतं."

"म्हणजे चालत गेलास."

तो बांगड्याचे काटे काढत बसला. "धंदा बाहेरच्या देशांत गेला असता गं. तुला नाही कळायचं."

"मग भाषणातून यांचं नाव काढ."

"सभागृहाच्या नोंदीत एकदा छापलेलं निघत नाही."

अर्धं जेवण टाकून गेला. ताट मीच उचललं. तीच शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात लंडनहून त्याच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. शोकसभेत ते भाषण वाचायचं होतं, माझी संमती हवी होती. मध्ये नात सई इंग्रजीत बोलत होती. मी म्हटलं, "सांग त्यांना, भाषण वाचा. पण पुढं त्यानं मत कुणीकडं दिलं तेही वाचा. नाहीतर दत्ताराम हे नाव तिथं घ्यायचं नाही."

सई बघतच राहिली. माझ्या तोंडून ते नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. "आजी, असं नाही सांगता येत, लाह," ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली.

"सांग."

तिनं सांगितलं. बाई म्हणाल्या, मग भाषण वगळू.

ती खुर्ची मूळची यांची. पण पुसायला गेले की दिसतो बाळू, मान खाली घालून काटे काढणारा. मी तिच्यावर कुणाला बसू देत नाही. सुनेला वाटतं, भावाच्या दुःखानं. नाही. हात कसा वर झाला, या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यानं अजून दिलेलं नाही.