पडद्याआडचं एक मत

कॅम्पात सगळे त्यांना पोलंडवाले म्हणायचे. समुद्राचं पाणी गोडं करणारा आमचा प्लांट धाहरानच्या उत्तरेला, अगदी किनाऱ्याला लागून होता. ते टर्बाइनचे इंजिनिअर, मी पंपांचा. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, बायको वारलेली, एकटेच राहत. आमच्या हिंदी इंजिनिअरांच्या टेबलावर बारा महिने एकच विषय, पुण्यात फ्लॅट घ्यावा की प्लॉट. मला त्याचा मनस्वी कंटाळा, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी ताट उचलून सरळ पोलंडवाल्यांसमोर जाऊन बसे.

त्या हिवाळ्यात त्यांच्या देशात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. लोकांनी स्वतः मत देऊन निवडायचा हा पहिलाच राष्ट्राध्यक्ष, आणि हे इथे अडकलेले. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, खिशात नुसता इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि सौदीत त्यांची वकिलातच नाही. जेवताना ते छोटा रेडिओ कानाला लावून बसायचे. उभे होते बरेच जण, पण त्यांच्या तोंडी तिघेच असत. एक संपातून वर आलेला कामगार नेता, दुसरा त्याचाच जुना सोबती, जो आता पंतप्रधान होता, आणि तिसरा परदेशातून अचानक उपटलेला, कुणाला धड माहीतही नसलेला माणूस. पहिल्या फेरीत पंतप्रधान त्या अनोळखी माणसाच्याही मागे पडला. त्या दिवशी पोलंडवाल्यांचं सूप तसंच गार झालं. तिकडे महागाई भडकली होती, कारखाने बंद पडत होते, लोक चिडले होते.

"मग वाईटच झालं की!" मी म्हणालो.

"वाईटच झालं. पण लोकांनी ते पडद्याआड जाऊन लिहिलं," ते म्हणाले, आणि मला त्या पडद्याची गोष्ट सांगितली.

जुन्या राजवटीतही मतदान व्हायचं म्हणे. हॉलच्या कोपऱ्यात पडदा लावलेला असायचा, पण त्याच्या आड कुणी जायचं नाही. छापील कागद घ्यायचा, सगळ्यांदेखत घडी घालायची आणि तसाच पेटीत टाकायचा. आड गेलात म्हणजे तुम्हाला काहीतरी खोडायचं आहे, हे टेबलामागच्या माणसांना कळायचं. त्यांच्या तरुणपणी एकदा गावातले शाळामास्तर आड गेले. पडद्याखालून मास्तरांचे बूट तेवढे दिसत होते आणि सगळे त्या बुटांकडे बघत होते. पुढच्या टर्मला मास्तर शाळेत नव्हते. दीड वर्षापूर्वी राजवट ढिली झाली, तेव्हा पोलंडवाले आयुष्यात पहिल्यांदा आड गेले. "लिहून झालं तरी मला बाहेर येववेना. कुणीतरी माझे बूट बघतंय असं वाटत होतं," ते म्हणाले. ही गोष्ट मला नीट समजली होती, हे आधीच कबूल करून ठेवतो.

सरहद्दीपलीकडचा छोटा देश ऑगस्टमध्ये शेजाऱ्याने गिळला होता; मध्य जानेवारीपर्यंत सोडला नाही तर लढाई, अशी मुदत होती. जानेवारी उजाडला आणि कॅम्प रिकामा होऊ लागला. गोऱ्यांची कुटुंबं गेली, शाळा बंद झाली. शेजारचं घर कुलूपबंद, पण दुपारी चारच्या सुमारास तिथला फोन वाजायचा. वाजत राहायचा. माझी बायको भिंतीपाशी उभी राहून ऐकायची. "अहो, ते गेलेत हे कुणी सांगितलं नाही का त्यांच्या माणसांना?" मी म्हणायचो, तू भिंतीजवळ उभीच राहू नकोस. मग मीच उभा राहायचो.

विषारी वायूच्या भीतीने कंपनीने मुखवटे वाटले. लहान माप संपलं होतं. आमची मुलगी चार वर्षांची. बायकोने तिला मोठा मुखवटा घालून पाहिला, तर काचा हनुवटीपर्यंत आल्या, पट्टे लोंबकळले आणि आतून कॅम्पात शिकलेल्या हिंदीत भलताच घोगरा आवाज आला, "मम्मी, मैं कौन?" बायकोने तो ओरबाडूनच काढला. मुखवट्याऐवजी ओला टॉवेल वापरा, असं पत्रकात लिहिलं होतं. ओला टॉवेल! छापणाऱ्याला स्वतःचं पोर नसावं.

लढाईची मुदत आठवड्यावर आली, तेव्हा मॅनेजरने आम्हा पंधरा परदेशी इंजिनिअरांना मेसमध्ये बोलावलं. कुटुंबांना घेऊन सगळ्यांनी पश्चिमेला यान्बूला जायचं आणि इथे अर्धा प्लांट बंद ठेवायचा, की सगळ्यांनी इथेच राहून पूर्ण प्लांट चालवायचा? बहुमताने ठरेल ते हेड ऑफिसला कळवणार होते. नाव लिहायचं नव्हतं. पोलंडवाल्यांनी हौसेने स्वतःच्या न्हाणीघरातला निळा पडदा आणून कोपऱ्यात दोरीला लावला. आदल्याच दिवशी बसमध्ये आमच्यातला प्रत्येक जण "जायचं" म्हणाला होता. मी तर दोनदा म्हणालो होतो.

पण पेटीशेजारी पर्सोनेल खात्याचा सौदी साहेब खुर्ची टाकून बसला होता. प्रत्येकाला हसून चहा विचारत होता. आमचे पासपोर्ट याच्याच ताब्यात. माझं कॉन्ट्रॅक्ट फेब्रुवारीत संपत होतं आणि ते वाढवणंही याच्याच हातात.

पहिले उठले आमच्या टेबलावरचे पुण्याचे ज्येष्ठ. पडद्याकडे वळलेच नाहीत. टेबलावरच, साहेबाला दिसेल असं 'राहू' लिहिलं आणि कागद टाकला. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसऱ्यानेही. एसीच्या वाऱ्याने तो निळा पडदा आत कुणीतरी असल्यासारखा हलत होता आणि आत कुणीच नव्हतं. माझा नंबर पाचवा. पोलंडवाले माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते रागाचं नव्हतं, भीतीचं होतं. गेलेलं काहीतरी परत समोर येऊन बसलेलं त्यांना दिसत असावं.

मी टेबलावर वाकलो आणि 'राहू' लिहिलं. अक्षर चांगलं मोठं काढलं, शहाण्याने!

शेवटी ते उठले आणि पडद्याआड गेले. खाली त्यांचे बूट दिसत होते. चौदा माणसं बुटांकडे बघत होती, आणि साहेबही बघत होता.

मोजणी झाली. चौदा 'राहू', एक 'जाऊ द्या'. कुणाचं ते विचारायची गरजच नव्हती. त्यांना ना बायको ना पोर, ते कुणासाठी जायचं म्हणत होते हेही सगळ्यांना कळलं होतं. आम्ही आड गेलो असतो, तर त्यांचं मत आमच्या मतांत मिसळून गेलं असतं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातात फायनल एक्झिटचा, देश कायमचा सोडण्याचा, कागद पडला. कारण लिहिलं नव्हतं. साहेब एवढंच म्हणाला, "खलास."

घरी बायकोने विचारलं, "तुम्ही काय लिहिलंत?"

"जायचं," मी म्हणालो. "पण दोनच मतं पडली. त्यांचं आणि माझं."

मला वाटलं विषय मिटला. कसला मिटतोय! ते निघाले त्या सकाळी ही बेसनाचे लाडू घेऊन, मुलीला कडेवर घेऊन त्यांच्या दारात हजर. मी मागे. आपल्या मोडक्या इंग्रजीत ती त्यांना म्हणाली, "थँक यू. तुम्ही आणि माझे मिस्टर, फक्त दोघांनी आमचा विचार केला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मग लाडवांचा डबा दोन्ही हातांनी घेत ते म्हणाले, "हो मॅडम. दोघांनी."

आठवड्याभरात लढाई सुरू झाली. पहिला भोंगा वाजला तो दिवेलागणीला. आम्ही फटींना टेप लावलेल्या खोलीत जमिनीवर बसलो. बायकोने टॉवेल भिजवून मुलीच्या तोंडावर धरला. आम्ही दोघांनी स्वतःचे मुखवटे काढून ठेवले होते, कारण मुलगी त्यांना बघून किंचाळत होती. दूर कुठेतरी धडाम झालं, खिडकीचं प्लॅस्टिक फुगून परत बसलं. टॉवेलखाली मुलगी श्वास घेतेय की नाही ते मी बोट लावून बघत होतो. एकदा बघून झालं की परत.

बायकोने मोकळा हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. तुम्ही तुमच्याकडून लिहिलं होतंत."

मी तो हात धरून बसून राहिलो.