पडद्यावरचा हवालदार

चौकात सिग्नलचे दिवे लागले त्या दिवशी हवालदारांनी पांढरे हातमोजे धुतले, वाळवले आणि कपाटात ठेवून दिले. निवृत्तीला अजून वेळ होता. उरलेली वर्षं त्यांनी टेबलामागे काढली. ती ते आयुष्यात धरत नसत.

आयुष्य म्हणजे चौक. मधोमध लाकडी चौथरा, वर छत्री, चारी बाजूंनी गाड्या. तळहात दाखवला की बेकरीचा ट्रकसुद्धा जागच्या जागी. दुपारी बायको पिशवी घेऊन बाजाराला निघायची. ती कोपऱ्यावर दिसली की हवालदार चारी रस्ते बंद करायचे. ती मान खाली घालून रस्ता ओलांडायची आणि ते घरी आले की फैलावर घ्यायची.

"अहो, जनाची नाही तर मनाची तरी! सगळे हॉर्न वाजवतात."

"वाजवू देत. सलामी समज."

आता ती नव्हती. चौकही नव्हता. उरलं होतं लेकीच्या घराजवळच्या शाळेचं फाटक. शाळा भरताना आणि सुटताना हवालदार तिथे गाड्या अडवून मुलांना रस्ता पार करून देत. खांदा दुखायचा. लेकीने विचारलं की म्हणत, "या वयात माझा नाही दुखणार तर काय शेजाऱ्याचा दुखेल?" फाटक सुटलं तर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

एका रविवारी जावयाने नवा व्हिडिओ गेम आणला. टीव्हीखाली एक काळी पट्टी ठेवली, तिला डोळे. हातात धरायला काहीच नाही.

"बटणं कुठायत याची?" हवालदारांनी विचारलं.

"नाहीत, बाबा. तुम्ही हललात की तो हलतो."

"तो कोण?"

जावई टीव्हीसमोर उभा राहिला. पडद्यावर एक रंगीत बाहुला उभा राहिला. जावयाने डोकं खाजवलं, बाहुल्यानेही खाजवलं.

हवालदार सोफ्यावरून पुढे सरकले. "जावईबापू, हा तर तुमच्या नकला करतोय!"

गाड्यांची शर्यत होती. जावयाने सुरू करून दिली आणि हवालदारांना पुढे केलं. रिकाम्या हातांनी स्टिअरिंग धरल्यासारखं करायचं. दोन वळणं बरी गेली. मग बाजूच्या रस्त्याने एक लाल गाडी मुसंडी मारत आली. हवालदारांनी स्टिअरिंग सोडलं आणि तळहात पुढे केला.

"ए! थांब!"

ती थांबली नाही. त्यांचीच गाडी कठड्यावर आदळली.

लेक पोट धरधरून हसली. "बाबा, जिंकायचंय! अडवायचं नाहीये!"

"अशी घुसते म्हणजे काय? लायसन कोणी दिलं हिला?"

ते घामाघूम झाले होते आणि खूश होते. कित्येक वर्षांनी चारी बाजूंनी गाड्या अंगावर येत होत्या.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

"आता तुम्हीच लावा. उजवा हात सरळ वर केला की सुरू."

हवालदारांनी हात वर केला. काही झालं नाही.

"अजून वर, बाबा."

"वरच आहे की!"

"जरा अजून..."

"अहो, जन्मभर हाच हात वर केलाय मी! तुमचं मशीनच..."

बोलता बोलता त्यांची नजर पडद्यावर गेली. बाहुल्याचा हात खांद्याच्या जेमतेम वर होता. कोपरात वाकलेला. ओळखीच्या माणसाला 'काय, कसं काय' म्हणावं तसा.

हवालदारांनी दात-ओठ खाऊन जोर लावला. बाहुला तसाच. इतकी वर्षं रस्त्यात उभे राहिले, पण स्वतःला त्यांनी कधी समोरून पाहिलं नव्हतं. आतून तर हात आभाळाला टेकल्यासारखाच वाटत होता.

"उजेड जास्त आहे," जावई पुटपुटला. "खिडकीचा पडदा ओढतो."

"राहू द्या."

गेल्याच आठवड्यात दुधाची एक गाडी शाळेच्या फाटकापुढून न थांबता निघून गेली होती. मुलं पाऊलभर मागे होती म्हणून निभावलं. हवालदारांनी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आता ते हळूच म्हणाले, "त्याला हात दिसलाच नसणार."

लेक जवळ आली. "डाव्या हाताने थांबवा ना, बाबा. कोणाला काय कळतंय?"

"रस्त्याला दोन बाजू असतात, बाळ. दोन्ही हात लागतात."

सोमवारी ते मुख्याध्यापिकाबाईंना भेटले आणि सगळं सांगितलं. दुसरा माणूस मिळेपर्यंत तरी थांबा, असं बाई म्हणाल्या. हवालदार ऐकेनात. शेवटी शाळेचा शिपाई रस्त्यात उतरला आणि हवालदार फाटकाशी मुलांची रांग धरून उभे राहिले. शिपायाने ओशाळून हात उचलला. एक स्कूटर त्याला वळसा घालून पळाली.

"अरे, लाजतोस काय नवऱ्या मुलासारखा?" हवालदार मागून ओरडले. "वर! अजून वर!"

हात वर गेला. गाड्या थांबल्या. हवालदारांनी क्षणभर तो थांबलेला रस्ता पाहून घेतला.

मग मुलांना म्हणाले, "चला."