बापाची बोटं

नुकतीच आजी झाले होते तेव्हा मी, आणि होती नव्हती ती अक्कल संशय घेण्यात घालवत होते. लेकाची रेल्वेतली बदली जयपूरला, म्हणून तिथल्या एका हॉलमध्ये व्हायोलिन-पियानो ऐकायला गेले. निवेदिका म्हणाली, ही जुनी रचना परदेशातल्या आठ वर्षांच्या मुलाची.

"बापानंच लिहून दिली असणार! मतलब, बापने लिखी होगी," मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना ऐकवलं.

त्यांच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर नाचत होती, व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीच्या बोटांबरोबर हुबेहूब.

"आपकी बेटी?"

"जी."

म्हणजे इथंही सगळं बापानंच घोटून घेतलेलं! माझा संशय पक्का झाला.

मध्येच त्यांची बोटं अडखळून थांबली. मुलीनं एक जागा इतक्या लाडानं, रेंगाळत घेतली की बैठकीच्या सवयीनं माझ्या तोंडून "वा!" निघालं. अख्खा हॉल वळला. कोण ओरडलं म्हणून मीही मागे वळून बघितलं.

ते मात्र मुलीकडेच बघत होते, घाबरल्यासारखे.

"आंटीजी, ये मैंने नहीं सिखाया."

मग त्यांनी बोटं हळूच मुठीत मिटली. त्या परदेशी बापानंही कधीतरी अशीच मिटली असतील.