डावा गाल

कळंब्याच्या अलीकडं भावकाईचं लहानसं देऊळ आहे. तिथल्या गुरवांच्या शालूबाई अडतीस वर्षं देवीला अंघोळ घालत आल्या. आधी नवऱ्याच्या, केरबांच्या हाताखाली, ते गेल्यावर एकट्या. पाणी कोमट लागायचं. तान्ह्या पोराचं बघतात तसं कोपर बुडवून बघितलेलं. शुक्रवारी दही-लिंबू. तोंड मात्र अंगठ्यानं चोळायचं, तळव्यानं पाणी देवीच्या डोळ्यांत जातं म्हणून.

देवीचं नाक दिसेनासं झालं होतं. कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, "गावाची दुखणी अंगावर घेती. झिजंल न्हाय तर काय करंल?"

मग देवळाच्या ट्रस्टच्या आण्णांनी दगडी मूर्ती तपासणाऱ्या प्रियदर्शनीला बोलावलं. तिनं भिंगातून सगळी मूर्ती बघितली आणि अंघोळ बंद करायला सांगितली.

"आजी, पाण्यानं आणि चोळण्यानं दगड गेलाय."

"माझ्या हातानं? मी लगीन होऊन आले तवाच नाक नव्हतं. दावतेच की तुला!"

शालूबाई तरातरा घरी गेल्या आणि भिंतीवरचा लग्नाचा फोटो चौकटीसकट घेऊन आल्या. नवरा-नवरी, मागं देवी. प्रियदर्शनीनं तो निरखून बघितला आणि आण्णांच्या हातात दिला.

"वहिनी, नाक हाय की ओ," आण्णा म्हणाले. "नथीचं भोक बी दिसतंय."

"मग गावाची दुखणी वाढली असतील."

"डावा गाल जास्त झिजलाय, आजी. तुम्ही समोर बसून उजव्या हातानं चोळता ना?"

शालूबाईंनी उजवा हात पदराखाली घेतला.

"मायेनं घातली गं मी अंघोळ."

"माहितीये मला," पोरगी हळू आवाजात म्हणाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

आण्णांनी अंघोळीला पितळी मुखवटा आणून दिला आणि मूर्तीपुढं दोरी बांधली.

दुसऱ्या दिवशी शालूबाईंनी पाणी तापवलं, कोपर बुडवून बघितलं. दोरीपलीकडं देवी कोरडी बसली होती. त्यांनी मुखवटा ताम्हणात ठेवला, तांब्या ओतला. सवयीनं अंगठा डाव्या गालाकडं गेला आणि तिथंच थांबला.

"चोळू का नको, गं?" त्यांनी विचारलं. मुखवट्याकडं बघून नव्हे, दोरीपलीकडं बघून.

पाणी निवत गेलं. अंगठा तसाच होता.